डोकं तापण्याआधी कळावं म्हणून : जागेपणाचा रोजचा सराव, पायरीपायरीने

अध्यात्माच्या बाजारात ‘उन्नत चेतने’च्या नावाखाली कंपनं, आभामंडळं, उघडणारी चक्रं असं बरंच काही विकलं जातं. त्या वाटेला हा लेख जात नाही. इथे प्रश्न एकच आहे. नागपूरच्या व्हरायटी चौकात कुणीतरी राँग साइडने गाडी घुसवतो, ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा खोचक मेसेज येतो, जेवताना घरातला जुनाच विषय पुन्हा निघतो आणि तुमचं डोकं तापतं. ते तापलं आहे हे तुम्हाला किती वेळाने कळतं?

कुणाला रात्री गादीवर पडल्यावर कळतं. कुणाला दार आपटून झाल्यावर. काहींना कळतच नाही, शेजारचाच विचारतो, ‘काऊन एवढा चिडून राहिला बे?’ सराव असलेल्या माणसालाही राग येतो, पण जबडा आवळला गेला की लगेच त्याच्या लक्षात येतं आणि मग बोलायचं की थांबायचं हे त्याच्या हातात राहतं. राग येणं आणि तो आल्याचं कळणं यांतलं अंतर कमी करत नेणं, याला मी चेतना उंचावणं म्हणते. शांतता त्याच्या मागोमाग येते. थेट तिच्यामागे धावणारे बहुधा दमून परततात.

त्यासाठी ऋषिकेश गाठायची गरज नाही. आपल्याच घरात, कुकर, हॉर्न आणि कूलरच्या आवाजात हा सराव होतो. इथेच तो व्हायलाही हवा, कारण डोकं तापतं तेही इथेच. खालचा क्रम साधारण तीन महिन्यांत अंगवळणी पडेल असा आहे. घाई असेल त्यांनी मधलं काही गाळलं तरी चालेल, फक्त श्वासाची पायरी गाळू नये.

वेळ, जागा, बैठक

वर्षभर एकच वेळ पाळणं नागपुरात जड जातं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्रभर ऊब सोडत राहतो. अशा दिवसांत पहाटे साडेपाचला गच्चीवर किंवा गॅलरीत बसलात तर बरं, सात वाजता बसाल तर सगळा वेळ घामाशी झटापटीत जाईल. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. त्या दिवसांत वेळ निम्मी करा, पण खंड पाडू नका. बसण्याआधी ग्लासभर पाणी प्या. उन्हाळ्यात ‘ध्यानानंतर डोकं दुखतं’ म्हणून येणाऱ्यांना विचारलं की कळतं, रात्रीपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही. पावसाळ्यात डास बसू देत नाहीत, तेव्हा सरळ मच्छरदाणीत बसावं. कॉइल पेटवून त्याच धुरात लांब श्वास घेत बसण्यात शहाणपण नाही. डिसेंबर-जानेवारीत गुडघ्यांवर शाल हवी, गार गुडघे लवकर कुरकुरतात.

जागा स्वतंत्र खोलीच हवी असं नाही. रोज तोच कोपरा असला म्हणजे झालं. देवघरासमोर बसायचं असेल तर बसा, नसेल तर भिंतीकडे तोंड करा. या सरावाला श्रद्धेची अट नाही.

मांडी घालूनच बसलं पाहिजे हा समज अनेकांना पहिल्या आठवड्यातच पळवून लावतो. घोंगडी किंवा चादर दोन-तीन घड्या करून फक्त बसण्याच्या भागाखाली घ्या, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर येते आणि पाठ फार जोर न लावता सरळ राहते. तेही जमत नसेल तर जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची घ्या, तळपाय जमिनीवर टेकवा, पाठ टेकू नका. सोफा नको. पलंगावर आडवं होऊन तर नकोच, तिथे झोप येते आणि ती यायलाच हवी. हात मांडीवर, डोळे मिटलेले, जीभ सैल, दात एकमेकांवर दाबलेले नसावेत. या शेवटच्या गोष्टीकडे नीट पाहा. दिवसभरात आपण किती वेळ दात आवळून असतो हे इथे पहिल्यांदा कळतं.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वेळ समजण्यासाठी साधं गजराचं घड्याळ पुरतं.

श्वास

सुरुवातीला १० मिनिटं पुरेत. नाकपुडीच्या कडेला, वरच्या ओठाच्या वर, श्वास आत येताना किंचित गार आणि बाहेर जाताना किंचित कोमट लागतो. मे महिन्यात हा फरक जवळपास नाहीसा होतो, तेव्हा नुसता स्पर्श धरा. तेवढ्याच जागेवर लक्ष ठेवायचं. श्वास ओढायचा नाही, सुधारायचा नाही. उथळ असेल तर उथळ, अडखळत असेल तर अडखळत. बौद्ध परंपरेत याला आनापान म्हणतात.

लक्ष ठरत नसेल तर मोजा. श्वास सुटला की मनात ‘एक’, पुढचा सुटला की ‘दोन’, असं दहापर्यंत, मग पुन्हा एक. मध्ये चुकलं, सतरावर पोचलात किंवा चारवरच घराच्या हप्त्याचा हिशोब सुरू झाला, तर मुकाट्याने एकपासून. दहाच्या दहा सलग मोजले जाणं हे यश नाही आणि न मोजले जाणं हे अपयशही नाही.

एक प्रयोग करून पाहा. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटाच्या नाडीवर ठेवा आणि सावकाश श्वास घ्या, सावकाश सोडा. घेताना ठोके थोडे जवळ येतात, सोडताना लांबतात. मेंदूपासून हृदय, फुफ्फुसं आणि पोटापर्यंत गेलेल्या व्हेगस नावाच्या चेतातंतूचं हे काम आहे. श्वास सोडताना त्याचा हृदयावरचा लगाम आवळतो आणि गती उतरते. तरुणांना हा फरक चटकन जाणवतो, वय वाढलं की कमी होतो. ‘दीर्घ श्वास घे’ या घरगुती सल्ल्याचं सगळं मर्म सोडण्यात आहे, घेण्यात नाही. घाबरलेला माणूस आधीच हवा भरभरून घेत असतो.

म्हणून रोजच्या बैठकीत श्वासाशी छेडछाड नको, पण अस्वस्थ वाटत असेल तेव्हा मुद्दाम लांबवलेला श्वास औषधासारखा वापरा. मनात चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. दर अंकाला एक सेकंद धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस घेतो. पाच मिनिटं पुरे. श्वास रोखून धरू नका. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी कुंभक, भस्त्रिका, कपालभाती असल्या गोष्टी कुणाच्या व्हिडिओवरून करू नयेत.

काहींना श्वासाकडे पाहिलं की उलट धडधड वाढते. दम्याचा त्रास असलेल्यांना किंवा पूर्वी घाबरगुंडीचे झटके येऊन गेलेल्यांना असं होऊ शकतं. त्यांनी हट्ट करू नये. तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श धरावा किंवा आवाज ऐकावा. आपल्याकडे चार महिने त्यासाठी कूलर हजर असतो. त्याचा घरघराट एकसुरी वाटतो, पण नीट ऐकलं तर पंख्याचा वेगळा, ताट्यांवरून ओघळणाऱ्या पाण्याचा वेगळा, पत्र्याच्या थरथरीचा वेगळा असे आवाज सुटे होत जातात. लक्ष टेकवायला ही जागा श्वासाइतकीच चांगली.

मन पळतं तेव्हा

पळणारच. त्याला परत आणण्यापेक्षा ते गेलं होतं हे लक्षात येणं महत्त्वाचं, कारण लेखाच्या सुरुवातीला म्हटलेलं अंतर इथे कमी व्हायला लागतं. आज तीन मिनिटं भटकून कळलं, महिन्याने मिनिटभराने कळेल. कळलं की मनातल्या मनात हलकेच एक नाव द्या, ‘बेत’, ‘जुनं’, ‘काळजी’, ‘खाणं’, आणि परत नाकपुडीशी या. स्वतःला झापू नका, तो आणखी एक विचारच असतो. त्याला ‘झापणं’ असं नाव द्या.

झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडा, नाहीतर उभे राहून सराव करा. रोजच डुलकी लागत असेल तर दोष ध्यानाचा नाही. तुमची रात्र अपुरी आहे. आधी मोबाइल लवकर ठेवा आणि संध्याकाळी सहानंतरचा चहा बंद करा, कारण त्यातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही शरीरात असतं.

पाय दुखला, नाक खाजलं, तर लगेच हलू नका. तीन श्वास थांबा, ती खाज वाढते की कमी होते, सरकते की एका जागी राहते ते पाहा. मग हलायचं असेल तर सावकाश हला. तीन श्वासांची ही सवय पुढे साहेबांच्या मेसेजला उत्तर लिहिताना उपयोगी पडते. गुडघ्यात टोचणारी किंवा पाय बधिर करणारी वेदना मात्र सहन करत बसू नका, आसन बदला.

कंटाळ्याबद्दल मी फारसं सांगणार नाही. तो येतो, बसा.

शरीराचा फेरफटका

श्वासावर पंधरा-वीस मिनिटं बसता येऊ लागली की महिन्याभराने ही पायरी घ्या. टाळूपासून सुरुवात करून कपाळ, डोळ्यांभोवती, गाल, जबडा, मान, खांदे, एकेक हात, छाती, पोट, पाठ, कंबर, मांड्या, पोटऱ्या, तळवे असं लक्ष सावकाश खाली न्या आणि तसंच वर आणा. प्रत्येक ठिकाणी विचारायचं एवढंच, आत्ता इथे काय आहे? ऊब, गारवा, मुंग्या, ताण, ठणका, कपड्याचा स्पर्श, की काहीच नाही? ‘काहीच नाही’ हेही उत्तर आहे. दोन श्वास थांबून पुढे सरका. आवडलेल्या संवेदनेशी रेंगाळू नका, नावडती घालवायला बसू नका.

ही मेहनत कशासाठी, हे पंधरा दिवसांनी उमजतं. भावना डोक्यात असतात असं आपण धरून चालतो, पण त्यांची पहिली खूण शरीरावर उमटते. कुणाचे कान गरम होतात, कुणाच्या पोटात खड्डा पडतो, कुणाचे खांदे कानांकडे सरकतात. तुमची खूण कोणती हे तुम्हीच शोधायचं. ती एकदा सापडली की राग शब्दांत उतरण्याआधी दाराशीच ओळखता येतो.

बैठक संपल्यावरचे बाकीचे तास

खरं काम इथे आहे, आणि बहुतेकांचा सराव इथेच तुटतो. सकाळी अर्धा तास शांत बसून नऊ वाजता घरच्यांवर खेकसणारे साधक गल्लोगल्ली आहेत.

खाण्यापासून सुरुवात करा. १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी दीर्घ दुखण्यांच्या रुग्णांसाठी सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, त्यात एक बेदाणा हातात घेऊन सावकाश खायला लावतात. आपल्याला बेदाणा कशाला हवा? दिवाळीच्या पुढेमागे आंबिया बहाराची संत्री येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची. एक घ्या. साल सोलताना उडणारा तुषार, त्याचा नाकाला झोंबणारा वास, फोडीवरच्या पांढऱ्या शिरा, बियांचा बोटांना लागणारा कठीणपणा, मग जिभेवर ठेवून दात न लावता एक श्वास थांबणं, आणि त्यानंतर फुटणारा रस. दुसऱ्या फोडीकडे हात कधी गेला हे कळलं का? पहिली तोंडात असतानाच तो गेलेला असतो. हीच घाई दिवसभर आपल्याकडून बरंच काही करवून घेत असते.

तर्री पोह्यांवरही हे करता येतं, मात्र पहिल्या तीन घासांपुरतंच. त्यानंतर नाक वाहायला लागतं आणि टपरीवर उभं राहून डोळे मिटून खाणाऱ्याकडे लोक पाहू लागतात.

प्रवासाचं एक ठरवून टाका. मेट्रोने जाणाऱ्यांनी सुभाषनगर ते सीताबर्डी एवढ्या टप्प्यात फोन खिशात ठेवावा आणि बसलेल्या किंवा उभ्या शरीराकडे लक्ष द्यावं. तुमचा मार्ग वेगळा असेल तर तुमचे टप्पे निवडा. दुचाकीवाल्यांसाठी लाल सिग्नल आहे. थांबलात की हँडलवरची पकड तपासा. गाडी उभी असतानाही मुठी आवळलेल्या सापडतील. त्या सैल करा, एक श्वास लांब सोडा. हिरवा होण्याआधीच मागून हॉर्न वाजेल, तोही ऐका. डोळे मात्र रस्त्यावरच हवेत. गाडी चालवताना आत डोकवायचं नाही.

चालणं हा बसण्याइतकाच जुना सराव आहे. सकाळी सिव्हिल लाइन्सचे झाडीचे रस्ते, सेमिनरी हिल्स, अंबाझरीचा परिसर, यांतलं जवळ असेल ते निवडा. फुटाळा तलावावर जायचं तर पहाटेच, संध्याकाळी तिथे मक्याचं कणीस खावं, ध्यानाचा आव आणू नये. शेवटची दहा मिनिटं कानातले इअरफोन काढून, न बोलता, टाच टेकते, तळवा टेकतो, बोटं सुटतात एवढंच पाहत चाला.

आता तापण्याच्या क्षणाकडे येऊ. समजा, मुलगा मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करतोय आणि क्लासच्या टेस्टमध्ये गुण घसरले. तो खोलीत येतो, तुमच्या हातात त्याचा निकाल असतो. कान गरम होतात. वाक्य तयार असतं, ‘एवढा खर्च करून राहिलो तुझ्यावर, आणि...’ इथे चार गोष्टी, याच क्रमाने. एक, मनात म्हणा, ‘कान गरम झाले.’ ‘तो असाच आहे’ किंवा ‘मी वाईट बाप आहे’ हे म्हणू नका, फक्त शरीराची बातमी घ्या. दोन, श्वास लांब सोडा, तोंडाने सुटला तरी हरकत नाही. तीन, तळपाय जमिनीवर आहेत ते जाणवून घ्या. चार, वाक्य अजून बोलावंसं वाटतं का ते पाहा. वाटत असेल तर बोला, पण आवाज तुमच्या ताब्यात असेल. नाहीतर ‘जेवून बोलू’ म्हणा आणि जेवल्यावर खरंच बोला. सगळ्याला दहा-बारा सेकंद लागतात. पहिल्या काही महिन्यांत चारपैकी एक गोष्ट आठवली तरी पुष्कळ.

फोनवर हेच सोपं जातं, कारण समोर माणूस नसतो. रागाने लिहिलेलं उत्तर पाठवण्याआधी फोन उपडा ठेवा, तीन श्वास, मग पुन्हा वाचा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर तीनाऐवजी तीस श्वास घ्यावेत.

रोज रात्री वहीत दोन-तीन ओळी लिहा : केव्हा तापलो, शरीरात कुठे, कळलं केव्हा. ‘सकाळी, दूधवाल्याशी, कान, बोलून झाल्यावर.’ ‘दुपारी, मीटिंगमध्ये, पोट, बोलता बोलता.’ ‘रात्री, आईशी फोनवर, घसा, बोलायच्या आधी.’ बैठकीत किती शांत वाटलं याची नोंद ठेवू नका, ते हवामानावर आणि आदल्या रात्रीच्या जेवणावर फार अवलंबून असतं. शेवटचा रकाना मात्र खोटं बोलत नाही. महिन्याभराची पानं उलटलीत की ‘झाल्यावर’ची जागा हळूहळू ‘बोलता बोलता’ घेताना दिसेल.

शांत राहणं आणि गप्प बसणं

आपल्या घरांमध्ये ‘शांत राहा’ हा उपदेश नेहमी उतरंडीत खाली असलेल्यांनाच केला जातो. सुनेला, धाकट्याला, कामाच्या मावशींना. ध्यान हे सोसत राहण्याचं शिक्षण असेल तर ते न केलेलं बरं. दीक्षाभूमीच्या शहरात तर हे वेगळं सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, ते शतकांचा अन्याय नाकारताना. त्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये अष्टांगिक मार्गाने चालण्याचीही प्रतिज्ञा आहे आणि त्या मार्गाचं एक अंग सम्यक स्मृती, म्हणजे आपण इथे ज्याचा सराव करतोय तो जागेपणा. नकार ठाम असू शकतो आणि मन स्वच्छ राहू शकतं. घरात मारहाण होत असेल, कामावर छळ होत असेल, तर त्यावरचा उपाय श्वास मोजणं नाही. तक्रार करा, मदत मागा. श्वासाने हात थरथरायचे थांबले तर अर्ज नीट लिहिता येईल, त्याचा उपयोग तेवढाच.

मैत्रीचा सराव

दोन महिन्यांनंतर बैठकीच्या शेवटी पाच मिनिटं याला द्या. मैत्री, करुणा, मुदिता आणि समभाव ही चार अंगं पतंजलींच्या योगातही आहेत आणि बुद्धाच्या शिकवणीतही. सुरुवात स्वतःपासून : मी सुखात राहो, माझं मन निवांत राहो. मग ज्याचं नाव घेतलं की आपोआप बरं वाटतं असा कुणी. मग ओळखीचा पण ना जवळचा ना दूरचा, उदाहरणार्थ रोज भाजी देणारे काका. आणि सर्वांत शेवटी, कैक आठवड्यांनी, ज्याच्याशी बिनसलंय तो. पोहायला शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी भरलेल्या अंबाझरी तलावात ढकलत नाहीत. ज्याच्याशी प्रॉपर्टीची केस सुरू आहे त्या चुलत्यापासून सुरुवात करू नका.

चारांपैकी मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्याने आनंदणं, मला सर्वांत कठीण वाटते. शेजाऱ्यांच्या मुलीचं पुण्याला प्लेसमेंट झालं की पेढा खाताना आत काय होतं ते पाहा. जे दिसेल ते वहीत लिहायला हरकत नाही, वही तुमचीच आहे.

सोबत

एकट्याने बसणारे साधारण दोन महिन्यांत गळतात. आठवड्यातून एकदा तरी कुणाबरोबर बसा. दोघी शेजारणी असल्या तरी चालतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) विदर्भातल्या गावोगावी सामुदायिक ध्यान आणि प्रार्थना रुजवली. पाटावर बसलेल्या एकट्या माणसापेक्षा सतरंजीवर बसलेलं गाव टिकतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळांच्या प्रार्थना आजही चालतात, तुमच्या भागात असेल तर जाऊन बसा. धंतोलीचा रामकृष्ण मठ १९२८ पासून इथे आहे. संध्याकाळच्या आरतीनंतर तिथे थोडा वेळ न बोलता बसणारे पुष्कळ असतात. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ, गोल आणि प्रशस्त आहे. विजयादशमीची गर्दी टाळून एखाद्या साध्या सकाळी जा. कामठीचं ड्रॅगन पॅलेस मंदिर १९९९ मध्ये बांधलं गेलं, तिथे चंदनाच्या बुद्धमूर्तीसमोर लोक स्वतःहूनच आवाज खाली आणतात.

कुणी ठराविक रकमेत आठवड्याभरात चक्र उघडून देतो म्हणाला, किंवा औषधं बंद करा म्हणाला, तर तिथून उठा.

कुणी थांबावं

डोळे मिटले की जुनी घटना जशीच्या तशी समोर येत असेल, आवाज ऐकू येत असतील, झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर आधी डॉक्टर. ध्यान हा त्यावरचा इलाज नाही आणि लांब बैठकींनी काहींचा त्रास वाढतोही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६. शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि तिथे जाण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सुरू असलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने सोडू नका.

दहा दिवसांचं शिबिर

पाच-सहा महिने सराव टिकला तर याचा विचार करा, त्याआधी नको. नागपूर-काटोल-कळमेश्वरच्या बाजूला माहुरझरी गावाजवळ ‘धम्म नाग’ हे विपश्यना केंद्र आहे. मंडाले इथे जन्मलेले सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) यांनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही पद्धत शिकून १९६९ मध्ये भारतात आणली. इगतपुरीसह सगळी केंद्रं त्याच पद्धतीने चालतात. राहण्या-जेवण्याची फी नसते. शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर खर्च भागतो.

पहाटे चारला घंटा होते आणि रात्री साडेनऊला दिवे मालवतात. दिवसाला सुमारे दहा तास बसणं, सकाळी अकराला जेवण, नवख्यांना संध्याकाळी पाचला चहा आणि थोडं फळ वगैरे. फोन, पुस्तक, वही, जपमाळ सगळं बाहेर ठेवायचं. पहिल्या दिवसांत आनापान, चौथ्या दिवसापासून शरीराचा फेरफटका, म्हणजे विपश्यना, आणि दहाव्या दिवशी मैत्री. वरचे टप्पे केले असतील तर क्रम ओळखीचा वाटेल, तीव्रता मात्र नाही. दुसऱ्या आणि सहाव्या दिवसाच्या आसपास पळून जावंसं वाटतं असं जाऊन आलेले अनेकजण सांगतात. सुटी मागताना दहा दिवसांची मागू नका. आदल्या दुपारी पोचायचं असतं आणि अकराव्या सकाळी सुटका होते, म्हणजे बारा दिवस धरा. फॉर्ममध्ये आजार आणि औषधं खरी लिहा. गुडघ्यांचा त्रास असेल तर खुर्ची मागता येते. शिबिरासाठी मे टाळा, डिसेंबर ते फेब्रुवारी सोयीचं, पण जागा लवकर भरतात.

परतताना स्वतः गाडी चालवत येऊ नका, कुणाला तरी घ्यायला बोलवा. दहा दिवसांच्या मौनानंतर काटोल रोडवरची वाहतूक अंगावर येते. त्या दिवशी फोन सुरू करा, घरच्यांना पोचल्याचं कळवा आणि साचलेले मेसेज दुसऱ्या दिवसावर टाका. दुसऱ्या दिवशी पहाटे, शिबिरात होतं तसं काही जाणवलं नाही तरी, आपल्या जुन्याच कोपऱ्यात आपली नेहमीची वीस मिनिटं बसा आणि रात्री वहीतला रकाना भरा.